दातावरचं कुंकू

शुक्रवारची देवीची पूजा आटोपून मनुबाई करंडा फडताळात ठेवणार, तोच अंगणातून त्यांचे यजमान कृष्णातराव म्हणाले, "अगं, चिमूटभर कुंकू दे. आन् जरा एरंडेल."

मोटारीची पूजा करणार असतील, असं वाटून मनुबाईंना बरंच वाटलं. आत त्यांची धाकटी बहीण लीला कण्हत पडली होती. बाळ आडवं आलंय, लगोलग सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडं न्या, असं सुईण बजावून गेली होती. बैलगाडीचे हादरे लीलाला सोसणारे नव्हते, आणि उभ्या पाटणात नवऱ्याची ही भाड्यानं चालणारी मोटार तेवढी एकच. तीही मागच्या आसातल्या मोठ्या दातेरी चाकाचे दात झडून अंगणात बसलेली.

लीलाचा नवरा अर्जुना कराडच्या भंगारातून तसलंच दातेरी चाक घेऊन आला होता. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या नव्या मॉडेलच्या लॉरीचं. कंपनी तीच, भोकं तीच, दातही तेवढेच. जुन्या मोटारीत ते अगदी घरच्यासारखं बसलं.

कृष्णातरावांनी कुंकू एरंडेलात कालवलं आणि चक्क त्या चाकाच्या दातांना फासलं.

"आवं, देवीचं कुंकू हाय ते!"

"म्हणूनच घेतलं. खोटं न्हाई बोलायचं."

त्यांनी चाक हातानं फिरवलं. समोरच्या छोट्या चाकाचा दात जिथं घासला, तिथलं कुंकू पुसलं गेलं. पण अगदी कडेला, नखाएवढंच.

"कडंलाच टेकतंय. नव्या मॉडेलात दाताचा तिरपेपणा बदललाय. आपल्या जुन्या छोट्या चाकासंगं हे नांदायचं न्हाई."

"दाजी, सांगलीपतुर तर जाईल?" अर्जुना रडकुंडीला आला. "का सोयरीक जुळवत बसलाय?"

"कासेगावात दात झडलं, तर लीलाला खांद्यावर नेशील व्हय रं?"

आतून लीलाची हाक आली. मनुबाईंच्या अगदी ओठावर आलं, की असू द्या, देवी बघंल. पण त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांचाही जीव तुटत होता, हे दिसत होतं. तरी कुंकवानं सांगितलं ते त्यांनी नाकारलं नव्हतं.

छोट्या चाकाचा दांडा जिच्यात फिरतो ती जुनी बेअरिंग मापाला खिशात घालून कृष्णातराव सायकलीवर कराडला गेले. दिवेलागणीला परतले ते त्याच लॉरीचं छोटं चाक आणि तिचीच बेअरिंग घेऊन.

"ह्या छोट्या चाकाचा दांडा जाड हाय," ते अर्जुनाला दाखवू लागले. "पर दोनी बेअरिंगा भाईरनं सारख्याच. आतलं भोक तेवढं मोठं. म्हंजी ही आपल्या मोटारीतल्या जुन्या घरात बसतीया."

पुन्हा कुंकू फासलं. मनुबाईंनी कंदील धरला. चाक फिरलं, आणि या वेळी कुंकू पुसलं ते दाताच्या मधोमध, कपाळावर टिकली असावी तसं.

"नांदतीया जोडी," कृष्णातराव हसले आणि फडकं उचललं.

"थांबा की वाईच." मनुबाईंनी दातावरचं उरलेलं कुंकू बोटावर घेतलं, आत जाऊन लीलाच्या कपाळी लावलं.

"आक्का, ह्याला मोटारीचा वास येतोय गं."

"येऊ दे. लय तपासून घेतलंय ते."

पहाटे सांगलीत लीलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. ते सांगायला मनुबाई धावत बाहेर आल्या, तर कृष्णातराव स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले. नखांत कुंकू तसंच होतं. मनुबाईंनी देवापुढं जोडावेत तसे हात जोडले, आणि मग हळूच हाक मारली.