चिकटलेला जॅझ

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. माझ्यात कॅसेट कधीच गेली नाही, पेनड्राइव्ह जातो. तरी चाकणच्या या कंपनी बसमध्ये सगळे मला टेपच म्हणतात. माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर छापलंय म्हणे. पण पाठ पत्र्याला टेकलेली, त्यामुळे मला ते अजून वाचता आलेलं नाही. थेरगावच्या अय्याज मेकॅनिकने मला बसवलं. पुढे आवाजाचं बटण तुटलं, तेव्हा त्याने पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण लावलं. तेव्हापासून नवीन माणूस माझा आवाज वाढवतो आणि वारा कुठून येतो ते बघत बसतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "काय क्लिअर वाजतो राव!" मग प्रत्येकाच्या खिशात पेनड्राइव्ह आला आणि माझे हाल सुरू झाले. पुढच्या सीटला भक्तिगीतं हवीत, मागच्या सीटला डीजे. एकाने लावलं की दुसरा उपटायचा. भांडणं बसमालक बबनरावांपर्यंत गेली. त्यांनी आमच्या ड्रायव्हरला, रहिमानभाईंना बजावलं, "आता एक जरी तक्रार आली ना, तर तुला कांद्याच्या ट्रकवर पाठवतो."

ट्रकवर गेलं की आठवडा-आठवडा घर नाही. आणि घरी रहिमानभाईंची नात मंतशा नुकती पाऊल टाकायला लागलेली.

म्हणून रहिमानभाईंनी जुन्या गाण्यांचा, कुणालाच नावं ठेवता येणार नाहीत असा पेनड्राइव्ह आणला आणि फेविक्विक लावून माझ्यात कायमचा चिकटवला. पण त्यांच्या खिशात पेनड्राइव्ह होते दोन. दुसरा सीटखाली सापडलेला, ज्याचा असेल त्याला द्यायचा म्हणून ठेवलेला. चिकटला तो दुसरा.

सकाळी माझ्यातून आधी सॅक्सोफोन आला, मग गिटार, मग चक्क संबळ, आणि मध्येच कुणीतरी आलाप घेतला. मला वाटलं, माझी वायरच निघाली.

"रहिमानभाई, बँडवाले वरात चुकले का?" सदाशिवकाका ओरडले. काका क्वालिटी विभागात, जन्मभर माल रिजेक्ट करत आलेले.

"गाणंच आहे, काका."

"मग सुरू कधी होणार?"

मागून इरा, नवीन इंजिनिअर पोरगी, हळूच म्हणाली, "काका, हा जॅझ आहे. आपल्या संबळाबरोबर केलेला. आणि... तो पेनड्राइव्ह माझा आहे."

"मग ने ना बेटा!" रहिमानभाई म्हणाले. सगळ्यांनी मिळून ओढलं. प्लास्टिक हातात आलं, जॅझ आतच राहिला.

"संध्याकाळी बबनरावांना फोन लावतोच," काका म्हणाले. रहिमानभाईंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात चाकणच्या चौकात बस अडकली. गाणं चालूच. काका चऱ्होलीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांची बोटं आपोआप जेवणाच्या डब्यावर चालायला लागली.

"ठेका ओळखीचा वाटतोय, पण एक मात्रा पडतेय."

"पडत नाही काका, मुद्दाम सोडलीये."

"मुद्दाम? असला माल मी पास करत नाही!"

पण फोन राहिला. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आधी सम सापडू दे, मग तक्रार." सम म्हणजे जिथे सगळे एकत्र येऊन पोचतात ती जागा. काका रोज शोधायचे, रोज चुकायचे. बघता बघता सगळी बस डबे बडवायला लागली. शेवटी तक्रार आलीच, पण जॅझची नाही. डांगे चौकातल्या सोसायटीने केली, डब्यांची!

बबनराव पेचकस घेऊनच बसमध्ये चढले. "रहिमान, किल्ली दे. आणि हा टेप आधी भंगारात." माझा पहिला स्क्रू फिरला. रहिमानभाईंनी किल्ली काढून दिली. बस बंद झाली, पण माझी वायर थेट बॅटरीला, म्हणून मी मात्र वाजतच राहिलो.

"शेठ, हात थांबवा!" काका ओरडले. "येतेय!"

"काय येतंय?"

"सम!"

सॅक्सोफोन वर वर गेला, संबळ मागे घोटाळत राहिलं, आणि मग सगळे एकदम खाली आले. काकांची थाप बरोबर त्याच जागी. "आली!" सगळी बस ओरडली. त्याच वेळी माझ्या शेजारच्या पत्र्यावर टण्णकन आवाज झाला. बबनराव आपल्याच हातातल्या पेचकसाकडे बघत राहिले.

"परत लाव," ते म्हणाले. "माझा ठोका जरा उशिरा पडला."

चौथ्या वेळेला त्यांना जमलं. मग त्यांनी किल्ली रहिमानभाईंच्या हातात ठेवली. "तूच चालव. पण खड्डे चुकव रे, मात्रा हलते."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे मी सांगणारच. त्यात माझा स्वार्थ आहे. पण नवा सूर कानावर आला तर त्यालाही जरा जपा. पेचकस लावायच्या आधी एकदा सम येऊ द्या.