कुंकू लावलेला हवालदार

पूर्वी जेवत नाही. अडीच वर्षांची झाली तरी घास गालात साठवते, गालाचा डबा करते आणि माझ्याकडे बघत बसते. समोर हवालदार असला तरच गिळते. हवालदार म्हणजे माझ्या सासऱ्यांचा कोंबडा. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर त्याची आणि चार कोंबड्यांची जाळी आहे. तुरा ताठ, चाल अशी की आत्ता पावती फाडेल. एक शीत त्याला, एक घास तिला, असं करत वाटीभर मऊ भात संपतो. मागच्या महिन्यात बाळांच्या डॉक्टरांनी वजन वाढलं म्हणून माझं कौतुक केलं, ते मी मनातल्या मनात जाळीकडे पाठवून दिलं.

त्यामुळे शेजारच्या चाळीत कोंबड्या माना पिरगळून पडायला लागल्या, तेव्हा माझं अवसानच गेलं.

मी दर्शनाला फोन लावला. ती माटुंग्याच्या शाळेतली माझी मैत्रीण, आता जनावरांची डॉक्टर.

"मान वाकडी, हिरवं हगतात, एक गेली की पाठोपाठ दुसरी? मानमोडी वाटतेय मला," ती म्हणाली. "तपासणी करायला हवी, मी सरकारी दवाखान्यात कळवते. व्हायरस आहे गं, एकदा आला की औषध नाही. तुमच्यांचं काय?"

"हवालदारानं आत्ताच दूधवाल्याला टोचलंय."

"मग ठणठणीत आहे. ठणठणीत आहेत तोवरच लस द्यायची. आणि त्या चाळीतलं कोणी तुमच्या गच्चीवर नको. तुमच्या चपलासुद्धा खाली काढा. हा रोग चपलेवर बसून जिने चढतो."

शनिवारी ती बर्फाच्या थर्मासात कुपी घेऊन आली. एका कुपीत शंभर पाखरांची लस असते. हे ऐकून कुशाबा, म्हणजे माझे सासरे, जिन्यातच थांबले.

"पाच पाखरांक शंभराची लस? उरलेली काय करतलात?"

"उकळून टाकून द्यायची काका. एकदा कालवली की फार वेळ टिकत नाही."

"टाकतलात कित्याक? माका घाला डोळ्यांत. मोतीबिंदू तरी बरो जायत."

"अंडी देणार असाल तर घालते," दर्शना म्हणाली.

सासरे कोंबडी काखेत धरत, दर्शना डोळ्यात एक थेंब टाकी, पापणी मिटेपर्यंत थांबे. हवालदारानं तर थेंब पडल्यावर आमच्या सगळ्यांची चौकशी लावल्यासारखं एकेकाकडे बघितलं. घोटाळा झाला तो कोंबड्यांचा. चौघी सारख्याच तपकिरी, त्यात जाळीत गरगर फिरणाऱ्या.

"ही झाली का?"

"ती झाली."

"ती कुठली?"

"जी हिच्यासारखी दिसते ती."

"खूण कर बाई काहीतरी," दर्शना वैतागली.

मी धावत खाली गेले आणि देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आले. थेंब झाला की कपाळावर बोट. हवालदाराला जरा ठसठशीत. ते बघून सासरे जिन्यात बसून हसत सुटले.

"काय झालं?"

"काय नाय गो. बेस दिसतत."

लस लागू पडायला आठवडा तरी लागेल, तोवर चपला खालीच, असं बजावून दर्शना गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाताची वाटी आणि पूर्वी, दोघींना घेऊन मी वर गेले. जाळीची कडी लावलेली. आत चार कुंकवाच्या बायका. हवालदार नाही.

"कोको?" पूर्वीनं विचारलं आणि तोंड मिटून घेतलं.

मी टाकीमागे बघितलं, पत्र्याखाली बघितलं. पाठीमागून पूर्वी, ओठ घट्ट आवळून. जिन्यात मात्र भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा वास आला, कोंबडीच्या रश्श्याआधी येतो तसा. वास दुसऱ्या मजल्यावरून येत होता, आत्याबाईंच्या खोलीतून. मीराबाई, सासऱ्यांची थोरली बहीण.

हवालदार त्यांच्या दारात, उलट्या टोपलीखाली. शेजारी विळी. आत मिक्सर चालू.

"आत्याबाई, हे काय?"

"काय म्हणजे?" त्यांनी मिक्सर बंद केला. "कुंकू तूच लावलंस मा? मिया वर्सभर सांगतंय, चेडू जेवणा नाय, राखणदाराक कोंबो देवा. कोण ऐकत नाय होता. सकाळी वर गेलंय तर सगळ्यांच्या कपाळाक कुंकू. म्हटलंय, सुनेन मनावर घेतल्यान. चपलो खाली काढून गेलंय हां."

तेव्हा मला सासऱ्यांचं हसू कळलं. माझं माहेर शाकाहारी. मला काय माहीत, की कोकणात गाव राखणाऱ्या देवाला द्यायच्या कोंबड्याला आधी कुंकू लावतात.

"अहो, ती लस दिल्याची खूण आहे."

"देव काय लशीचा कुंकू वायला आनी पूजेचा वायला असा वळाखता? एकदा लागला काय पाखरू परत नेतत नाय."

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात पायाशी आवाज आला, "कोको, आ कर." पूर्वी टोपलीशी मांडी घालून बसली होती. तिनं माझ्या हातातली वाटी ओढली, एक शीत फटीतून आत सरकवलं, टोच बसली तशी खिदळली आणि स्वतःच्या हातानं घास तोंडात घातला. गिळला. मग दुसरा.

आत्याबाई हात पुसत पुसत खाली बसल्या. त्यांनी तिला जेवताना कधी बघितलंच नव्हतं.

"रोज अशी जेवता?"

"फक्त ह्याच्यासमोर."

त्यांनी विळी हातानं दूर सारली. मग उठल्या, नारळ आणला, पदर सावरला आणि गावच्या दिशेला तोंड करून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, कोंबो तुझोच, पण ह्या चेडवाच्या जेवणाच्या ड्युटीवर आसा. तेका थयसरच ठेव. त्याच्याबदली ह्यो नारळ गोड मानून घे."

"होय म्हाराजा," दारातून सासरे म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

"होय माराजा," पूर्वीही म्हणाली, तोंड भरलेलं असताना, आणि शितं हवालदाराच्या तुऱ्यावर उडाली.

कोंबड्यासाठी वाटलेलं खोबऱ्या-कांद्याचं वाटप काळ्या वाटाण्यांच्या उसळीत गेलं. आत्याबाईंनी त्यातला एक वाटाणा चुरून पूर्वीपुढे धरला. तिनं टोपलीकडे बघितलं, टोपली आतून खडबडली, आणि तिनं तोंड उघडलं.