मॅडमच्या आईचं पान

कर्वेनगरच्या कोरियन केंद्रात मी स्वयंपाक बघते. पोरी तिथे नाच आणि भाषा शिकायला येतात, आणि माझ्या हातची कोबीची आंबट-तिखट किमची खाऊन 'सेम कोरियासारखी' म्हणतात. कोरिया एकीनंही पाहिलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

केंद्राच्या सोमिन मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. मे महिन्यात तिकडे कोरियात त्यांची आई वारली. मॅडम पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्या त्या कोरड्या डोळ्यांनी, आणि लगेच कामाला लागल्या. मला त्या कोरड्या डोळ्यांचीच भीती वाटायची.

यंदा भाद्रपदी पौर्णिमेला त्यांचा पितरांचा सण आला. आपला पितृपंधरवडाही तेव्हाच लागतो. वर एकच कॅलेंडर असावं. मॅडमनी हॉलमध्ये आईच्या फोटोपुढे भात, सूप, फळं, तांदळाच्या करंज्या मांडल्या. आई आत यावी म्हणून दार सताड उघडलं आणि वाट बघत बसल्या.

"लसूण, तिखट का नाही घातलं गं?" मी नाच शिकणाऱ्या उत्कर्षाला हळूच विचारलं.

"मिरचीला आत्मे घाबरतात म्हणे, काकू. जवळच येत नाहीत."

मी दाराकडे बघितलं. एवढ्या देखण्या मांडणीला दृष्ट लागू नये म्हणून सकाळीच मी चौकटीवर लिंबू-मिरची टांगली होती. चांगल्या सात मिरच्या! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पोरीची आई एवढ्या लांबून आली आणि मी तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

मी लिंबू-मिरची ओरबाडून काढली, लांब टाकून आले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण नजर दाराकडेच.

"आई परत गेली असेल, ताई," त्या त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या. "तेव्हा पण मला उशीर झाला."

मला राहवेना. आमच्या धायरीत पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून घरचं कुणीतरी शब्द देतं. मी दारात जाऊन हात जोडले.

"आई, चूक माझी हाय. पोरीवर रागावू नका. तिला हितं एकटी पडू देणार नाही, उपाशी निजू देणार नाही. माझा शब्द हाय. या आत."

कावळा आला नाही, पडदाही हलला नाही. पण मॅडम उठल्या. आईनं जेवायला सुरुवात करावी म्हणून त्यांनी तिच्या भातात चमचा खोचला, जमिनीला कपाळ टेकलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

मी पाठीवर हात ठेवून रडू दिलं. उत्कर्षा गार झालेलं सूप गरम करायला उचलू लागली, तिला मी खुणेनंच थांबवलं. आई जेवत होत्या.