नियम क्रमांक नऊ

“अहो, नियम म्हणजे नियम,” बद्रीनाथ सर फोनवर म्हणाले, आणि विजयमालाबाईंचं डोकंच सणकलं.

सदाशिव पेठेतल्या या निवृत्त प्राध्यापकांनी फेसबुकवर ‘गच्चीतली बाग’ हा गट काढला आणि पोस्ट तपासायचं लोढणं विजयमालाबाईंच्या गळ्यात अडकवलं. सहा वर्षं त्या ते इमानेइतबारे ओढत होत्या. प्रत्येक सभासदाने आधी फॉर्म भरायचा: कुंडी केवढी, ऊन किती तास, माती कसली. मगच प्रश्न विचारायचा. हा नियम क्रमांक नऊ. कात्रजच्या गोदाबाईंनी सोमवारी फॉर्म न भरताच लिहिलं होतं, ‘मोगरा पिवळा पडलाय. माझ्या लेकीनं, मुक्ताईनं लावलेला हाय. ती गेली. तेवढा तरी वाचवा.’ विजयमालाबाईंनी सवयीने पोस्ट परत पाठवली, वर ‘नियम ९ वाचावा’ असा शेरा मारून. मंगळवारी ती पुन्हा आली, तेव्हाही तेच.

आणि आज गुरुवारी शर्मिलाताईंचा मोगरा पिवळा पडला. त्या जुन्या सभासद, त्यांची पोस्ट कोण तपासणार? फोटो धूसर, माहिती शून्य, तरी तासाभरात साठ उत्तरं. सर तर घरी येऊन बघतो म्हणाले. म्हणूनच, गोदाबाईंचीही पोस्ट घेऊ या, असं सांगायला विजयमालाबाईंनी सरांना फोन लावला होता.

“मग शर्मिलाताईंनी कुठे भरला फॉर्म?” विजयमालाबाईंनी विचारलं.

“त्या आपल्यातल्या आहेत हो.”

शी! फोन ठेवून त्यांनी गोदाबाईंची पोस्ट सरळ गटावर सोडली. मोगऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईंच्या बोलीवर मात्र हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘कुठून कुठून येतात!’ असं एका विदुषीने लिहिलं, आणि पंधरा मिनिटांत सरांनी पोस्टसकट गोदाबाईंनाच गटातून काढून टाकलं. शिकलेली माणसं म्हणे ही! विजयमालाबाईंना किळस आली. सगळ्यात जास्त स्वतःचीच, कारण सोमवारी तोंडावर दार लावणाऱ्या त्याच होत्या.

त्यांनी गोदाबाईंना खासगी निरोप धाडला. मुळाशी पाणी साचलं असेल, कुंडीचं भोक मोकळं करा, चार दिवस पाणी घालू नका. माझं चुकलं, असंही लिहिलं.

संध्याकाळी उत्तर आलं. ‘ताई, मोगरा काल उपटला. पार काळा पडला व्हता. कुंडी तशीच हाय. आता ज्याचं कुणाला काय इचारावं लागणार न्हाई, असं कायतरी लावायला सांगा.’

विजयमालाबाई उत्तर लिहायला बसल्या. ‘तुळस’ लिहिलं, पुसलं. ‘कोरफड’ लिहिलं, तेही पुसलं.