हाकेला धावलेले

कुंडलिकने हॉस्पिटलच्या खिडकीतून हात हलवला, तसे खाली आवारात उभ्या असलेल्या वीस-बावीस माणसांनी वर बघून हात हलवले. चारकोपच्या त्याच्या सोसायटीत कुणी आजारी पडलं, की एका फोनवर अख्खी इमारत हॉस्पिटलात हजर होई. ही पद्धत त्यानेच पाडलेली, आणि तिचा त्याला भारी अभिमान. आज मात्र आत, आयसीयूत, त्याची बायको मालन होती. टाचेच्या भेगेतून जंतू रक्तात गेले होते. रिक्षात बसताना ती म्हणाली होती, "कुणाला सांगू नका हो. गर्दी नको." त्याने रिक्षातूनच फोन लावले होते.

शेजारचा धम्मपाल धापा टाकत वर आला.

"अँब्युलन्स आलीये. वहिनीला मोठ्या हॉस्पिटलात हलवू. इथे नुसता टाइमपास चाललाय. पोरं खाली जाम तापलीत."

"डॉक्टरला विचारतो."

"विचारायचं काय त्यात? तू फक्त हो म्हण."

कुंडलिक हो म्हणणारच होता. तेवढ्यात डॉक्टर इरावती बाहेर आल्या. धम्मपाल अँब्युलन्स आत घ्यायला खाली धावला.

"जंतू कमी होतायत, काका. औषध लागू पडलंय."

"मग बीपी का पडतंय?"

"त्यांच्याच पांढऱ्या पेशींमुळे. जंतू आले की या पेशी धावून येतात, आणखी पेशींना बोलावतात. एरवी काम झालं की शांत होतात. काकूंच्या थांबतच नाहीयेत. रक्तवाहिन्या सुजून झिरपायला लागल्यात. किडनीवरही ताण आलाय."

"पण त्या तिच्याच ना? तिला वाचवायलाच आल्यात ना?"

"हो. त्यांना आवरायचं औषध सुरू केलंय. आता काकूंना हलवू नका. वाटेतच काहीतरी होऊन बसेल."

खालून आरडाओरडा ऐकू आला. धम्मपाल वॉचमनशी भांडत होता, माणसं फाटकात दाटली होती, आणि त्यांच्यामागे कुणा दुसऱ्याच पेशंटची गाडी खोळंबली होती. कुंडलिक जिना उतरला. जन्मभर माणसं जमवली, ती पांगवायची कशी हे त्याला माहीत नव्हतं. त्याने सरळ हात जोडले.

"घरी जा. सगळेच जा."

"अरे, तुझ्यासाठीच आलोय ना आम्ही?" धम्मपालचा आवाज चिरकला.

"माहितीये रे. तरी जा."

हळूहळू फाटक मोकळं झालं. जाताना धम्मपालने मागे वळूनही पाहिलं नाही. कुंडलिकला ते फार लागलं.

संध्याकाळी त्याला आत सोडलं. बीपी अजून खालीच होतं. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तो मालनच्या कानाशी वाकला.

"सगळ्यांना घरी पाठवलंय गं. मी एकटाच आहे."

तिचे डोळे मिटलेलेच राहिले. त्याच्या खिशातला फोन थरथरायला लागला. त्याने तो बंद केला आणि स्टूल तिच्याजवळ ओढून घेतलं.