प्रार्थनेतली उचकी

नाटक मंडळीत चाल आधी ठरायची, शब्द मागाहून बसवायचे. पदं लिहिणारा कवी एकदा कामाच्या तंद्रीत वडिलांच्या प्रवचनातली शेवटची प्रार्थना गुणगुणू लागला आणि पेटीवाल्याने ती चाल नेमकी उचलली.

"दारुड्याच्या पदाला हीच!" मालक खूश झाले.

"मालक, ती देवासमोर म्हणायची चाल आहे हो."

"मग देवालाही पास पाठवू! तुम्ही नाही लिहिलंत तर दुसरा लिहील."

दुसरा तर चालीचं पार मातेरं करील, अशी स्वतःची समजूत घालून त्याने लिहायला घेतलं. प्रार्थनेत 'देवा' म्हणून जिथे थांबायचं, तिथे त्याने दारुड्याची उचकी बसवली. ती इतकी झकास बसली की त्याला स्वतःचीच शिसारी आली. प्रेक्षकांनी मात्र ते पद तीन-तीनदा म्हणायला लावलं.

पुढच्या प्रवचनाच्या शेवटी म्हातारे वडील डोळे मिटून गाऊ लागले. 'देवा' म्हणून ते थांबले, तोच मागून कुणीतरी तशीच उचकी काढली आणि सगळे फिदीफिदी हसले.

वडील गोंधळून लेकाकडे वळले. "सूर चुकला का रे माझा?"

"तुमचा नाही, बाबा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःच्याच तोंडाची किळस आली.