नाव घ्या, म्हणजे श्वास घेतील

"आपल्याले नशा चढत नाही, सिस्टर. होळीले लोटाभर भांग पिऊन मी सायकल चालवतो..." देवराव म्हणाले, आणि पुढचं वाक्य घोरण्यात गेलं.

भिलाईच्या कारखान्यात देवरावांची अख्खी नोकरी झाली. कौशल्याबाई इकडे नरखेडकडच्या गावात संत्र्याची बाग सांभाळत. भेट पोळ्याला नाहीतर दिवाळीला. यंदा देवराव रिटायर होऊन कायमचे घरी आले. आल्या आल्याच मजुरांना माल कसा भरायचा ते दाखवायला म्हणून ट्रकवर चढले आणि संत्र्यांसकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं. नागपूरच्या दवाखान्यात मॉर्फिनची सुई दिली. निघताना शेजारच्या रामाजीकडच्या अफूच्या गोळ्या पोटात गेल्या होत्या, हे मात्र त्यांनी दवाखान्यात कोणाला सांगितलं नव्हतं.

घोरणं थांबलं. मागोमाग श्वासही.

गोळ्यांचं कौशल्याबाईंनी सांगताच डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अफू अन् मॉर्फिन सख्ख्या बहिणी, बाई! दुखणं झोपवता झोपवता मेंदूतला श्वासाचा पहारेकरीच झोपला. आत हवा कोंडली तरी त्याले पत्ता नाही. पण हाक मारली की श्वास घेतील. आम्ही उताऱ्याची सुई अन् ऑक्सिजन आणतो. तुम्ही नाव घेऊन बोलवत राहा. थांबू नका!"

डॉक्टर अन् सिस्टर धावले. बाजूच्या खाटेवरचे नत्थूजी मदतीला तयार होते, पण त्यांचा जबडा तारेनं बांधलेला.

कौशल्याबाईंनी जन्मात उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"अहो!" त्या ओरडल्या.

वॉर्डातल्या चार जणांनी "ओ" दिली. देवरावांचे ओठ निळे पडत चालले होते.

"संत्र्याच्या झाडाले पानी देते वाकून,
देवरावाचं नाव घेते सगळ्यांचा मान राखून!"

देवरावांनी श्वास घेतला.

"वा, वहिनी! अजून एक!" वॉर्डातून आवाज आला.

लग्नातले पाठ उखाणे तीन श्वासांतच संपले. मग बाईंनी जुळवायला घेतलं.

"भिलाईची गाडी गेली, धूर राहिला मांग,
देवराव, इतके दिवस कुठी होता, सांग!"

पुढं यमकही हाती लागेना. "रोज दोघांचा चहा मांडो अन् एकलीच पेवो मी, देवराव! घे श्वास. चार दिवसांच्या दिवाळीनं पोट भरते काय गा, देवराव? काहून एवढ्या दूर राहिला? घे गा!"

जन्मभर बायकोचं न ऐकलेला माणूस शब्दागणिक श्वास घेत होता.

उताऱ्याची सुई आली. देवरावांनी डोळे उघडले आणि पाय आठवून बोंब मारली. डॉक्टर म्हणाले, "उतारा लवकर ओसरते, अफू मागं राहते. आम्ही आहोच, पण सायंकाळपर्यंत हाका चालू ठेवा." बाईंनी ठेवल्या. लाज आता पार गेली होती.

धोका टळला तेव्हा देवरावांनी बाईंचा हात धरला. "कौशल्या, झोपेत लय गोड आयकू येत होतं वं. भिलाईच्या खोलीवर मले वाटत राहे, कोणी असं बोलवावं. आता मी जागा आहो. एकदा घे नं नाव."

कौशल्याबाईंनी तोंड उघडलं. घसा पार बसला होता.